उदारमतवाद: कारणे दाखवा नोटीस कोणाला?

प्रश्न डिचोलीच्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. राज्यशास्त्राच्या तासाला तिला शिकवलं की उदारमतवाद म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य. अर्थशास्त्राच्या तासाला कळलं की उदारीकरण म्हणजे सरकारने उद्योगधंद्यातून हात काढून घेणं. टीव्हीवर ‘लिबरल’ शिवीसारखा वापरतात आणि बाबा सांगतात की लिबरल म्हणजे डावे. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे, असं तिने विचारलंय. शेवटी आणखी एक पुस्ती जोडलीय: तुम्ही स्वतःला लिबरल म्हणवता का?

मी प्राध्यापक नाही. २८ वर्षं फोंड्याच्या आणि पणजीच्या कोर्टांत दिवाणी वकिली करते. वाटण्या, कूळ-मुंडकारांचे (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) दावे, लग्नाचे करार, भावाबहिणींचे अबोले हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर पुस्तकाच्या क्रमाने येणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटीच देईन.

आधी आपल्या भाषेने केलेला घोळ निस्तरू. मराठीत उदार म्हटलं की कर्ण आठवतो: दानशूर, मोठ्या मनाचा, मागेल त्याला देणारा. मग उदारमतवादी म्हणजे सगळ्यांचं सगळं चालवून घेणारा भला माणूस, असं वाटायला लागतं. त्यात रानडे-गोखल्यांच्या परंपरेला ‘मवाळ’ हे नाव चिकटलं आणि शब्दाचा कणाच गेला. मूळ शब्द इतका मऊ नव्हता. राजकीय पंथाचं नाव म्हणून तो स्पेनमध्ये रुळला. नेपोलियनच्या फौजा देशात घुसलेल्या असताना कादिझ शहरात जमलेल्या प्रतिनिधींनी १८१२ साली राजाला कायद्याने बांधणारं संविधान लिहिलं. त्या बाजूच्या लोकांना ‘लिबेरालेस’ म्हणायचे. राजा परतला, त्याने संविधान रद्द केलं आणि यातल्या कित्येकांना तुरुंग किंवा परदेश पाहावा लागला.

हे वारं आपल्याकडे लंडनमार्गे आलं असा समज आहे. गोव्यात ते लिस्बनमार्गे आलं. १८२० साली पोर्तुगालमधल्या पोर्तोला क्रांती झाली आणि १८२२ साली गोव्यातून पोर्तुगालच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले. त्यांतले बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा आणि कॉन्स्तान्सिओ रोक द कॉश्ता हे इथलेच. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत निवडून गेले १८९२ साली, म्हणजे त्यानंतर ७० वर्षांनी. पण छाती फुगवण्याआधी पुढचंही वाचावं. त्या क्रांतीतून आलेल्या पोर्तुगालच्या १८२२ च्या संविधानात कॅथलिक धर्म हा राष्ट्राचा धर्म ठरवलेला होता. आणि याच पेरिश द सिल्व्हांनी १८३५ साली गोव्याच्या कारभाराची सूत्रं हाती घेतली, तेव्हा फौजेने बंड करून त्यांना १७ दिवसांत खाली खेचलं. कायद्यापुढे समानता लिहून देणं वेगळं आणि इथल्या माणसाचा हुकूम ऐकणं वेगळं.

आता व्याख्या. माझ्या कामातलाच एक कागद घेते. सरकारी खात्याने कोणावर कारवाई करायची तर आधी ‘कारणे दाखवा’ नोटीस काढावी लागते. उदारमतवाद ही नोटीस कायमची उलट्या बाजूला बजावतो. माणसाने काय बोलावं, काय विकावं, कोणाशी लग्न करावं, कोणाला भजावं याची कारणं त्याने द्यायची नाहीत. त्याला अडवणाऱ्याने द्यायची. कारण पटलं तर बंधन राहील, नाही पटलं तर जाईल. आमच्या भाषेत सांगायचं तर पुराव्याचा भार मनाई करणाऱ्यावर. इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली पटण्याजोगं कारण कोणतं तेही सांगितलं: दुसऱ्याला होणारी इजा. तुझ्याच भल्यासाठी तुला अडवतो, हे त्याच्या लेखी कारण नव्हतं.

एवढंच असतं तर घोळ झाला नसता. घोळ होतो तो अडवणारे एकाहून जास्त असतात म्हणून. राजा अडवतो, सावकार-भाटकार (भाटकार म्हणजे जमीनमालक) अडवतो, आणि घर, जात, गाव हेही अडवतात. नोटीस पहिल्यांदा कोणाच्या दारावर चिकटवायची, यावरून एकाच पंथात तट पडले. तुझे निरनिराळे अर्थ तिथून आलेत.

राजकारणातली बाजू त्यातल्या त्यात सरळ आहे. सत्ता कोणाच्याही हातात असो, तिला कुंपण हवं: लिखित संविधान, स्वतंत्र न्यायालय, छापण्याचं आणि जमण्याचं स्वातंत्र्य. हे नसलं की काय होतं, ते आमच्या आईच्या पिढीने पाहिलंय. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत लग्नाच्या आमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवाव्या लागायच्या. १८ जून १९४६ ला मडगावला डॉ. लोहिया उभे राहिले ते सभाबंदी मोडायला. मागणी नागरी स्वातंत्र्याची होती, बोलू द्या आणि जमू द्या एवढीच. त्याच्या १६ वर्षं आधी, १९३० साली, लुईश द मिनेझिश ब्रागांझांनी इथल्या विधिमंडळात वसाहत कायद्याला विरोध करून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला होता. पणजीत त्यांच्या नावाची संस्था आहे. तिच्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. ब्रागांझा हाडाचे लिबरल: पोर्तुगीज भाषेत वाढलेले, त्याच भाषेत पोर्तुगीज सत्तेला जाब विचारणारे.

हिंदूंच्या वाट्याला या विचाराचं फळ आलं ते १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर. राज्याचा धर्म गेला, हिंदूंना बरोबरीचं नागरिकत्व मिळालं आणि मराठी शाळा-वाचनालयांना जोर चढला. गो. पुं. हेगडे देसाईंचं ‘भारत’ १९१२ मध्ये निघालं, ते याच मोकळ्या हवेत. ही हवा १५-२० वर्षंच टिकली, पण आपल्याकडचं मराठी वाचकांचं जग तिने उभं केलं.

इथे परीक्षेत हमखास होणारी चूक सांगते. लोकशाही आणि उदारमतवाद एकच नव्हेत. राज्य कोणी करायचं याचं उत्तर लोकशाही देते. राज्य करणाऱ्याने कुठे थांबायचं याचं उत्तर उदारमतवाद देतो. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घे. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेश म्हणजे केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पानं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. आमच्या घरात फूल होतं. निकालाच्या दिवशी चूल पेटली नाही, असं आजी सांगायची. ३४,०२१ मतांनी हरणं ही लोकशाही झाली. पण कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधी राजीनामा दिलेला होता, आणि कौल हरल्यावर काही आठवड्यांतच त्याच मतदारांनी त्यांचं सरकार पुन्हा निवडून दिलं. फुलाला मत दिलेल्या घरांतल्या मुलांची मराठी शाळा कोणी बंद केली नाही. बहुमताने हरलेला माणूस नागरिक म्हणून हरला नाही. ही मधली जागा राखणं हे उदारमतवादाचं काम.

आता अर्थकारण. खरी भांडणं इथे आहेत, तेव्हा थोडा वेळ थांबू.

ॲडम स्मिथच्या काळात, १७७६ च्या सुमारास, अडवणारा म्हणजे राजा आणि राजाकडून मक्ता मिळवलेल्या कंपन्या. तेव्हा ‘बाजार मोकळा करा’ ही गरिबाच्या बाजूची मागणी होती. स्मिथचा व्यापाऱ्यांवर मुळीच विश्वास नव्हता. ते एकत्र बसले की गिऱ्हाइकाविरुद्ध कट शिजतो, असं त्याचं मत. पुढे कारखाने आले आणि मजुराला अडवणारा राजा राहिला नाही, मालक आणि भूक हे दोघे आले. मग इंग्लंडमधल्याच लिबरलांची नवी पिढी म्हणू लागली की उपाशी माणसाचं करारस्वातंत्र्य हे कागदावरचं, त्याला शाळा, पेन्शन, विमा देणं हे राज्याचं काम. अमेरिकेत १९३३ नंतर रूझवेल्टने हाच धागा धरला, म्हणून तिथे ‘लिबरल’ म्हणजे कल्याणकारी योजनांच्या बाजूचा, आपल्या भाषेत डावीकडचा. युरोपात बऱ्याच ठिकाणी ‘लिबरल’ अजून खुल्या बाजारवाल्यालाच म्हणतात. ऑस्ट्रेलियात तर लिबरल नावाचा पक्ष परंपरावाद्यांचा आहे. आपल्या टीव्हीने अमेरिकेचा अर्थ उचलला, अर्थशास्त्राच्या पुस्तकाने युरोपचा. बाबाही बरोबर आणि पुस्तकही बरोबर, फक्त गावं वेगळी.

१९९१ साली नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी परवाने-कोटे उठवायला सुरुवात केली, त्याला आपण उदारीकरण म्हणतो. तो उदारमतवादाचा एक तुकडा झाला. कारखान्याचा परवाना सैल करणारं सरकार वर्तमानपत्राची मुस्कटदाबी करू शकतं. जगात असे देश कमी नाहीत. म्हणून उत्तरपत्रिकेत या दोन शब्दांमध्ये बरोबरीचं चिन्ह घालू नकोस.

शिवाय आपले जुने उदारमतवादी आंधळे खुल्या बाजारवाले नव्हतेच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात स्पष्ट सांगितलं की इंग्लंडचं मुक्त व्यापाराचं शास्त्र जसंच्या तसं इथे लागू होत नाही. मागे पडलेल्या देशात उद्योगांना राज्याचा हात लागतो. आपल्या नावेलीचे फ्रान्सिश्कु लुईश गोमिश पेशाने डॉक्टर, आवडीने अर्थशास्त्री, पोर्तुगालच्या संसदेत बसत आणि भारतासाठी स्वातंत्र्य व प्रकाश मागत. पणजीत कांपालला त्यांचा पुतळा आहे.

मुक्त व्यापार हा शब्द कसा वाकवता येतो याचा इथलाच नमुना म्हणजे १८७८ चा ब्रिटिश-पोर्तुगीज करार. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातलं सीमाशुल्क उठलं, मुरगावच्या रेल्वेचा मार्ग मोकळा झाला, सगळं कसं उदार. पण त्याच करारात गोव्यातल्या मिठावरचं नियंत्रण ब्रिटिशांकडे गेलं, कारण त्यांना आपला मीठकर सांभाळायचा होता. बाजार मोकळा आणि मिठागरावर पहारा! ‘खुलं करतोय’ असं कोणी म्हणालं की मी आधी ते कलम शोधते: काय खुलं नाही, ते कुठे लिहिलंय?

आणि आता कूळ. माझ्या निम्म्या फायली याच्याच. १९६४ चा कूळ कायदा, मग १९७५ चा मुंडकारांना हाकलण्यापासून वाचवणारा, आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती. तिने कसणाऱ्याला मालक मानलं. भाटकारांच्या बाजूने उभी राहिले की माझा युक्तिवाद शुद्ध लिबरल असतो: मालमत्ता हा व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा पाया आहे, सरकारने ती हिसकावू नये. कुळाच्या बाजूने उभी राहिले तरी तो लिबरलच असतो. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने मालमत्तेचं समर्थन केलं ते श्रमावर: ज्याने जमिनीत घाम मिसळला त्याची ती. मग शेतात चिखल कोणी तुडवला? शिवाय मुंडकाराचं घर भाटकाराच्या भाटात. राग धरला तर छप्पर जाणार. असा माणूस मत कोणाला देणार आणि सभेत तोंड कसं उघडणार? त्याच्या पायाखालची वीतभर जमीन त्याची होईपर्यंत संविधानातलं त्याचं भाषणस्वातंत्र्य भाटकाराच्या खिशात होतं. मला विचारशील तर मी दुसऱ्या बाजूची. मात्र त्याच कायद्याच्या आधाराने आज शेत पडीक टाकून घरांच्या वसाहतीसाठी विकू पाहणारं कूळ समोर आलं, की लॉकचा घाम मला दाखवता येत नाही.

खाणींचं तर आणखी गमतीशीर. पोर्तुगीजांनी कायमच्या सवलती दिल्या, १९८७ साली केंद्राच्या कायद्याने त्या रद्द होऊन लीज झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. लिलाव न करता सार्वजनिक संपत्ती आपल्या माणसांना वाटणं हा खुला बाजार नव्हेच, तो जुना मक्ताच. एवढं सांगून पुढे जाते, नाहीतर रात्र पुरायची नाही.

समाज. इथे अडवणारा आपला असतो. बाप, नवरा, भाऊ, गाव. म्हणून ही नोटीस बजावणं सगळ्यांत अवघड.

१८९१ चा संमतिवयाचा वाद बघ. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय १० वरून १२ करायचं होतं. टिळक म्हणाले, परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा समाजातून यावी. आगरकर म्हणाले, कायदा हवाच. वरवर पाहिलं तर सरकारला रोखणारे टिळक जास्त लिबरल दिसतात. पण ज्या व्यक्तीचं स्वातंत्र्य मोजायचं ती त्या वादात कोण होती? १० वर्षांची मुलगी. तिला अडवणारं सरकार नव्हतं. हे एकदा दिसलं की आगरकरांची बाजू कळते.

गोव्याच्या दिवाणी कायद्याचं आज देशभर नाव घेतात. पोर्तुगालची १८६७ ची संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, आणि बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलीला मुलाइतकाच हक्क. आईबापांना इस्टेटीतला अर्धा भाग मुलांना डावलून कोणाला देता येत नाही. आम्ही त्याला लेजितिमा म्हणतो. त्या वेळी मिलच्या इंग्लंडमध्ये बायकोची मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याकडे जाण्याचा नियम जेमतेम सैल होऊ लागला होता.

पण ही संहिता लिबरल म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी ती नीट वाचावी. एकत्र मालमत्तेचा कारभार तिने नवऱ्याकडेच दिला. आणि १८८० च्या हिंदूंच्या रीतिरिवाजांच्या संहितेत बायकोला २५ व्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा ३० पर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा आहे. आज कोणी वापरत नाही, पण ते लिहिलेलं आहे. समूहाच्या रीतीचा मान राखायचा म्हणून दिलेली ती सूट बाईच्या जिवावरची होती.

कागदावरचं स्वातंत्र्य माणसापर्यंत कसं पोचतं ते मी रजिस्ट्रारच्या बाकावर पाहते. विक्रीखत वाचून झालं की बायकोला विचारायची माझी सवय आहे: बाई, काय विकतायत ते कळलं ना? दहातल्या आठ म्हणतात, ‘त्यांनी सांगितलं ना, मग झालं.’ एकदा सत्तरीतल्या एका बाईने मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाली, विहीर यात आहे का? होती. ‘मग ती वगळा, नाहीतर मी सही करत नाही.’ नवरा लालबुंद, घेणारा अस्वस्थ, बाहेर गाडीचं इंजिन चालू. कायद्याने तिला नाही म्हणायचा हक्क शंभरहून जास्त वर्षं दिलेला होता, तिने तो त्या सकाळी वापरला. विहीर वगळून नवा आराखडा करायला तीन आठवडे गेले. याच्या उलट बहिणींचं: हक्क बरोबरीचा असूनही भावाच्या नावे हक्कसोड करणाऱ्या बहिणींची रांग संपत नाही. त्यांना कोणी अडवलेलं नसतं, तरी माहेरचा गणपती चुकेल ही भीती असते. अशा बंधनावर नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, हे मला अजून सुचलेलं नाही.

देवस्थानांचंही तसंच. १८८६ च्या नियमावलीपासून कारभार महाजनांकडे आणि महाजनकी ठरावीक घराण्यांत वारशाने. चार घराण्यांनी एकत्र येऊन देऊळ सांभाळणं हा त्यांच्या संघस्वातंत्र्याचा भाग, हा युक्तिवाद मी कोर्टात ऐकलाय आणि एकदा केलाही आहे. पण दार कोणासाठी बंद ठेवायचं हे ठरवायला सरकारी कायद्याचा शिक्का वापरला, की तो खासगी मंडळाचा मामला राहत नाही.

एक डाग सांगायलाच हवा. वर ज्याची मी व्याख्या उसनी घेतली तो मिल १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता, आणि मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व लागू नाही असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय. मागासलेले म्हणजे आपण. लिबरलांना ढोंगी म्हणतात ते अगदीच उगाच नाही. पण दादाभाई असोत, ब्रागांझा असोत की आंबेडकर असोत, त्यांनी नोटिशीचा तो नमुना फेकला नाही. पत्ता बदलून परत पाठवला.

आता तुझा शेवटचा प्रश्न. कोर्टात मी लिबरल आहे, त्यात शंका नाही. घरचं सांगते. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. तो आणि होणारी सून दोघे येऊन बसले आणि म्हणाले, आम्हाला मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवायचा लग्नाआधीचा करार करायचाय. कायदा मुभा देतो, नंतर बदलता येत नाही, परिणाम काय होतात, हे मी इतरांना दर महिन्याला समजावते. त्यांनाही समजावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला म्हटलं, ‘अजून वरात निघाली नाही आणि वाटणी झाली!’ कारण काय म्हणून त्यांना विचारायला पुन्हा बाहेर आले, आणि विचारता विचारता थांबले.

मसुदा मीच केला. असा कागद मी एरवी तासाभरात करते. हा करायला दोन दिवस लागले.